बाणकाकांची शेवटची खूण

टीव्ही बंद करा. मोठा दिवाही घालवा, कोपऱ्यातला तेवढा राहू दे. आणि मध्ये मध्ये बोलायचं नाही. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

भूत असतं का, हे मला विचारू नका. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला ठाऊक नाही. पण माझा साडू खोटं बोलला की मला लगेच कळतं, त्याचे कान हलतात. आणि हे सांगताना त्याचे कान हलले नाहीत.

साडू म्हणजे तुमच्या आजीच्या सगळ्यात धाकट्या बहिणीचा नवरा. रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. कामावरची माणसं त्याला पाठीमागे ‘घाई’ म्हणतात, आणि आता तोंडावरही म्हणतात. माणूस वाईट नाही. कामाला वाघ. पण हातातली गोष्ट कधी एकदा संपते असं त्याला होतं. चहा असा उकळता पितो की जीभ बारा महिने सोललेली. त्याच्या लग्नाच्या फोटोंत सगळी माणसं स्वच्छ दिसतात, नवरा तेवढा हललेला.

गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार. अमावस्या नव्हती, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो. अर्धा चंद्र होता, तोही मध्यरात्रीनंतर उगवायचा. थंडी मात्र हाडात शिरणारी. साडू संध्याकाळी डबा घेऊन घराबाहेर पडला. बायको म्हणाली, “स्वेटर तरी घाला.” हा म्हणाला, “डांबराजवळ कसली थंडी?” आणि गेला.

काम होतं बाजारातून दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याचं. रस्ता कसला, खड्ड्यांना जोडणारी वाट होती ती. लोकांनी अर्ज केले, ओरडा केला, शेवटी एकदाचं काम मंजूर झालं. जुना थर खरवडून नवं डांबर. दोन्ही बाजूंना फुटपाथ, फुटपाथच्या कडेला नवे दगड, नवे दिवे. सोमवारी सकाळी मोठे साहेब बघायला येणार होते. म्हणजे रविवारच्या रात्री शेवटचा तुकडा, वळणावरचा, संपवायलाच हवा होता. रस्ता त्या रात्रीपुरता वाहनांना बंद केलेला.

आता एक गोष्ट नीट ऐका, म्हणजे पुढचं कळेल. रस्त्याच्या पोटात गटाराची मोठी नळी असते. तिच्यात उतरायला जागोजागी चेंबर, आणि चेंबरवर लोखंडी झाकण. डांबर टाकायच्या आधी ही झाकणं खाली बसवून घेतात, म्हणजे यंत्राला आडवी येत नाहीत. सगळ्यावरून सलग डांबर जातं. मग झाकण जिथं असेल तिथं तेवढंच डांबर फोडायचं आणि झाकण वर आणायचं. पण सगळा रस्ता काळा कुळकुळीत झाल्यावर झाकण कुठं आहे हे कळणार कसं?

त्यासाठी बाणकाका होते.

म्हातारा माणूस, वाळलेला, कमी बोलणारा. एका हातात पांढऱ्या रंगाचा डबा, दुसऱ्या हातात लोखंडी सळई. काम सुरू व्हायच्या आधी ते एकटे रस्ता चालायचे. झाकणासमोर फुटपाथच्या कडेच्या दगडावर बाण काढायचे आणि बाणाखाली आकडा. तीन म्हणजे बाणाच्या दिशेनं तीन सळया मोजा, झाकण तिथंच. त्यांना अक्षर येत नव्हतं, आकडे तेवढे यायचे. मनगट कधीतरी मोडून वाकडं बसलेलं, त्यामुळे बाणाचा डावा पंख लांब आणि उजवा आखूड. तसा बाण दुसऱ्या कोणाला काढताच यायचा नाही. आकडा न घालता त्यांनी कधी बाण सोडला नाही.

आणखी एक सवय त्यांनीच लावलेली. झाकणावर सळईचे तीन ठोके पडले की खालच्या माणसानं थांबायचं. का, म्हणून विचारायचं नाही. थांबायचं. लोखंडाचा आवाज नळीतून लांबपर्यंत जातो.

या रस्त्यावर बाणकाकांनी दिवाळीनंतर... नाही, नोव्हेंबरात खुणा केल्या. तो त्यांचा शेवटचा रस्ता. मग त्यांनी अंथरूण धरलं.

इकडे कडेच्या नव्या दगडांची गाडी आली. जुने दगड उपटून नवे बसवायचे. पण खुणा जुन्या दगडांवर! रीत अशी की आधी त्या समोरच्या भिंतींवर उतरवून घ्यायच्या, मगच दगडाला हात लावायचा. एका गड्यानं विचारलंसुद्धा, “मुकादम, खुणा उतरवून घेऊ का?”

“उद्या. आधी गाडी रिकामी करा.”

संध्याकाळपर्यंत जुने दगड त्याच गाडीत भरून गेलेसुद्धा. 

त्याच आठवड्यात साडू बाणकाकांना बघायला गेला. म्हातारा खाटेला चिकटलेला. डोळे न उघडता म्हणाले, “वळणावरचं झाकण रेषेत नाही हं. बाकीची कोणालाही सापडतील. ते नाही सापडायचं. खूण ठेवलीस ना?”

“ठेवली की काका.”

“पुसली तर मला परत यावं लागेल.”

“या की. चहा पाजतो.”

दोघं हसले म्हणे. साडू तरी हसला. डिसेंबर संपायच्या आत बाणकाका गेले. साडूनं खांदा दिला.

तर त्या रविवारी. साडूचा सख्खा धाकटा भाऊ गटाराच्या टोळीत आहे. रस्ता बंद म्हणून त्यांनीही तीच रात्र धरलेली. उताराच्या टोकाला दवाखान्याजवळ नळी तुंबली होती. मशीन लावायचं, आणि मशीनचा पाइप अडकला तर कोणीतरी खाली उतरायचं. ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा हा धाकटाच, अंगानं बारीक म्हणून. तो आधी वळणावर आला, भावाला भेटायला.

“दादा, वळणावरचं झाकण आम्हाला उघडं लागेल. आमचं खालचं उघडं, तुझं वरचं उघडं, म्हणजे वारा वाहतो. नाहीतर आत नुसता कोंडलेला गॅस.”

“मला शिकवतोस?”

“तुला कोण शिकवणार? वहिनी म्हणते, तू झोपतोससुद्धा घाईघाईत.”

“जा आता, कामाच्या वेळी वटवट नको.”

“उघडलंस की सांग. तू हो म्हटल्याशिवाय मी उतरत नाही.” असं म्हणून धाकटा शीळ वाजवत उतारानं गेला.

रात्री उशिरा वळणावरचं डांबर पडलं. रोलर फिरला. रस्ता असा झाला की आरशासारखा. छोटे साहेब उभे होते, त्यांनी बुटाचं टोक घासून बघितलं आणि म्हणाले, “वा मुकादम! उद्या मोठे साहेब खूश होणार.” साडूची छाती फुगली. गडी हत्यारं गाडीत टाकत होते. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

“दादा, उघडलं का?”

साडूनं कडेच्या दगडाकडे बघितलं. दगड नवा. कोरा.

खूण जुन्या दगडाबरोबर गेलेली. पण समोर साहेब. साहेब त्याच्याकडेच बघत होते. आत्ता जर म्हटलं की झाकण सापडत नाही, तर एवढा आरशासारखा रस्ता सगळ्यांदेखत जागोजागी फोडावा लागेल. त्याला वाटलं, हे जातील, मग मी शोधतो. दोन मिनिटांचं काम.

“उघडलं,” तो म्हणाला.

“बरं. मी उतरतो मग.”

फोन बंद.

साहेब गेले. गडी गेले. रोलरवाला रोलर घेऊन बाजाराच्या टोकाला गेला आणि केबिनमध्ये पाय पोटाशी घेऊन झोपला. वळणावर साडू एकटा. एक टिकाव, एक पहार, एक टॉर्च.

त्यानं पहार उचलली आणि डांबरावर आपटली. ढब. दोन पावलं पुढं. ढब. डावीकडे. ढब. सगळीकडे तोच मेलेला आवाज. जाड थर, खाली खडी, लोखंड बोलणार कुठून? त्याला आठवेना झाकण कुठं होतं. या खांबासमोर? पण खांब नवे. त्या कट्ट्यासमोर? कट्टा पाडून फुटपाथ केलेला. सगळं सुधारलेलं होतं. जुनं काही उरलंच नव्हतं, ज्याच्याकडे बघून आठवावं.

त्यानं धाकट्याला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. खाली उतरायच्या वेळी ते लोक फोन गाडीत पिशवीत ठेवतात. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

डोळ्यांपुढे धाकटा. कमरेला दोर, पाय चेंबरात. दादा हो म्हणाला म्हणून निर्धास्त. असा माणूस आत गेला की ओरडतसुद्धा नाही, पोरांनो. एक श्वास घेतो... आणि गुडघे मोडतात.

साडूनं पहार टाकली. उताराकडे पळायला वळला.

मागे आवाज झाला.

टण्.

लोखंडावर लोखंड.

तो थांबला. मागे वळला. आत्तापर्यंत जिथं कोणीच नव्हतं, तिथं कडेच्या दगडाशी कोणीतरी उकिडवं बसलेलं. पाठमोरं. हात हलत होता. हळूहळू. दगडावर काहीतरी फिरवल्यासारखा.

“कोण आहे रे?”

हात फिरतच राहिला.

“रस्ता बंद आहे. उठा तिथून.”

तो माणूस उठला. वाकलेला, वाळलेला. दिव्याखालून गेला तरी तोंड दिसलं नाही. डांबरावर उतरला. ताजं डांबर, अजून ऊब होती त्यात. साडूनं टॉर्च मारला. त्याच्या स्वतःच्या बुटांचे ठसे उमटलेले, स्वच्छ.

त्या माणसाचे नाहीत.

एकसुद्धा नाही.

पळायचं होतं. पाय उचलेनात. तो माणूस चालला. हातात सळई. टेकवत, टेकवत. एक सळई... दोन... तीन. थांबला.

सळई वर गेली.

टण्.

टण्.

टण्.

एवढ्या जाड डांबरावर. पण आवाज उघड्या लोखंडाचा.

मग सगळं शांत. लांब कुत्रं भुंकत होतं, तेही गप्प झालं.

“काका...?” साडू म्हणाला.

त्या माणसानं सळईचं टोक खाली रोखलं. इथं. मग तेच टोक हळूच वर आलं, आणि साडूच्या छातीकडे वळलं. तिथंच थांबलं.



किती वेळ, त्याला सांगता येत नाही. त्यानं डोळे मिटले. उघडले. समोर कोणी नव्हतं. दिव्याखाली रिकामा रस्ता. अर्धा चंद्र तेवढा घरांवर आलेला.

मग मात्र तो टिकाव घेऊन तुटून पडला. दोन हातांनी, वेड्यासारखा. आरशासारखा रस्ता फोडला. हाताची सालटी निघाली. टिकावाखाली लोखंड वाजलं. झाकण! पहार घालून उचकटलं. आतून ऊन, सडका वाफारा आला, कोणी खूप वेळ कोंडलेला श्वास सोडावा तसा. तो तोंड फिरवून मागे पडला. उठला. आणि उतारानं पळाला.

दवाखान्याजवळ टोळी उभी होती. चेंबरच्या काठावर धाकटा. कमरेला दोर. पाय बाहेर.

जिवंत.

साडू त्याच्यासमोर मटकन खाली बसला. धाकटा हसला, पण हसू कसनुसं. “अरे, तूच ठोकलंस आणि तूच पळत आलास? मी अर्धा आत उतरलो होतो. नळीतून तीन ठोके आले. म्हटलं दादा थांब म्हणतोय. वर आलो. मग बराच वेळ काही नाही. मग टिकावाचा आवाज. काय झालं होतं?”

आता बघा. इथं त्यानं खरं सांगायला हवं होतं. झाकण उघडलं नव्हतं, मी खोटं बोललो, ते ठोके माझे नव्हेत. तीन वाक्यं. टोळीची सगळी माणसं भोवती उभी. धाकटा त्याच्याकडे असा बघतोय, जसा लहानपणी बघायचा.

“काही नाही,” साडू म्हणाला. “जरा शंका आली. म्हणून ठोकलं.”

“वाचवलंस बाबा,” म्हणून धाकट्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

झालं. पहाटे साडू वळणावर परत आला, झाकण वर घेतलं, कडेनं डांबर भरलं. उजाडलं तेव्हा त्याला कडेचा दगड दिसला. नव्या दगडावर पांढरा बाण. डावा पंख लांब, उजवा आखूड. खाली तीनचा आकडा. रंग ओला.

मोठे साहेब यायची वेळ झालेली. नवा दगड कोणी घाण केला म्हणून विचारतील. साडूनं काय केलं असेल? चिंधी घेतली, रॉकेलात बुडवली, आणि पुसून टाकला. दुसऱ्यांदा!

साहेब आले, खूश झाले, फोटो निघाले. त्यात धाकटा भावाच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. साडू हललेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या आजीच्या बहिणीनं दार उघडलं. घराच्या पायरीवर पांढरा बाण. टोक घराच्या आत. आकडा नाही.

तिला वाटलं शेजारच्या पोरांचा उद्योग. घासला, गेला नाही. साडूनं रॉकेल लावलं, गेला नाही. बाणाच्या रेषेत सरळ बघितलं तर समोर त्याची खाट येते. त्यानं गुपचूप खाट दुसऱ्या भिंतीला लावली. सकाळी उठून बघतो तर बाण तिकडे वळलेला.

मग तो माझ्याकडे आला. इथंच बसला होता, तू बसला आहेस तिथं. सगळं सांगितलं. मी गेलो, पायरीवर बोट टेकवून बघितलं. एवढ्या दिवसांनीही रंग ओला. मी म्हटलं, “धाकट्याला खरं सांगून टाक. आज.”

तो म्हणाला, “उद्या सांगतो.”

आयुष्यभर ज्यानं कशाला दम धरला नाही, तो या एका गोष्टीला उद्या म्हणतो. मी दर आठवड्याला विचारतो. दर आठवड्याला उद्या. आता तुम्ही विचाराल, मग तुम्हीच का नाही सांगत धाकट्याला? नाही सांगणार. ज्यानं खोटं सांगितलं त्यानंच ते परत घ्यायचं. दुसऱ्यानं सांगून ते फिटत नाही.

आज संध्याकाळी धाकट्याचा फोन आला होता, तुम्ही अंगणात होता तेव्हा. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही. सहज सांगत होता. “अण्णा, दादाच्या पायरीवर पोरांनी काढलेला तो बाण आहे ना, त्याच्याखाली आज कोणीतरी आकडा घातलाय.”

मी विचारलं, “किती?”

“एक.”

पायरीपासून खाटेपर्यंत एकच सळई भरते. मी मोजलेलं आहे.

मी साडूला फोन लावला. वाजला, वाजला... बंद झाला. तेव्हापासून लावतोय.

कोपऱ्यातला दिवा राहू दे. आणि तो फोन इकडे द्या माझ्याकडे.